चांदणी नसलेला रिपोर्ट

...नाही पण मला सांगा, एकोणीस हा काय कौतुक करण्यासारखा आकडा आहे का हो? शाळेत एकोणीस मिळाले असते तर वडिलांनी सोलून काढलं असतं! आणि इथे आमचे नेहमीचे डॉक्टर खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतात! "वा! रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज एकशेतीसपर्यंत चालतं, तुमचं फक्त एकोणीस! कमी आहे ना? मग चांगलंच की!"

थांबा, नीट सांगतो. उभ्या उभ्याच सांगतो, सवय आहे.

मी कटर. तयार कपड्यांच्या कारखान्यात. म्हणजे काय, तर सव्वीस मीटर लांब टेबल, त्यावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक, सगळ्यांत वर शर्टाचे भाग आखलेला कागद, आणि आपण विजेवर चालणारं उभं पातं धरून त्या रेघेवरून चालत जायचं. चालत हो! या टोकाला बाही, त्या टोकाला कॉलर, आणि मधे मी. डाव्या हाताला लोखंडी जाळीचा मोजा देतात, बोट जाऊ नये म्हणून. पायाला काही देत नाहीत. पाय कापला जात नाही ना, तो नुसता झिजतो!

सतरा वर्षं. पहिल्यांदा टाचा धरल्या. मग गुडघे. मग खुबे. मग पायाच्या पंजात अशी कळ, की पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे! मी ठरवलं, आपण रीतसर लिहून ठेवू. वही केली. तारीख, हाड, किती वेळ, किती जोरात. आमची ही रोज सकाळी विचारायची, "आज कुठलं?" जसं काही भाजी कुठली करू विचारतेय! मी म्हणायचो, "डावा खुबा आणि उजवा पंजा." ती म्हणायची, "काल पण पंजाच होता, जरा बदल करत जा!"

आता मला हवं काय होतं? फार नाही. एक खुर्ची! आमच्याकडे तपासणीची खोली आहे, तिथे आठ खुर्च्या. बसायचं, शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, लोंबणारे धागे कात्रीने कापायचे. एक खुर्ची रिकामी झाली, तिथल्या एक बाई निवृत्त झाल्या. मी येता-जाता त्या खुर्चीकडे असा बघायचो, लग्नाआधी हिच्याकडेसुद्धा तसं कधी बघितलं नसेल. गादी होती हो तिला! पाठीला टेकण होतं!

पण खुर्ची मागायची तर कामगार विभागातल्या कारकुनाकडे रिपोर्ट द्यायचा. हा कारकून म्हणजे... तुम्हाला सांगतो, हा रिपोर्ट वाचत नाही. हा बोट फिरवतो. आकडा वाढलेला असला की लॅबचं मशीन पुढे चांदणी छापतं, हा चांदण्या मोजतो. बोट वरून खाली आलं, खालून वर गेलं. "चांदणी कुठाय?"

म्हटलं, "चांदणी नाही, पण हाडं—"

"पॅकिंगवाल्याने आणला होता रिपोर्ट. सहा चांदण्या! रिपोर्ट कसला, आकाश होतं आकाश! त्याला लगेच बसवला. तुमच्याकडे एक तरी?"

"साहेब, हा एकोणीसचा आकडा बघा ना, फार कमी वाटतो."

"कमी आहे ना? मग चांगलंच की!"

घरी येऊन हिला म्हटलं, तूही तपासून घे, निदान तुलना तरी होईल. हिचं आलं चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, बघ! तुझं चौऱ्याऐंशी, माझं एकोणीस, काहीतरी गडबड आहे! तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "चारपट त्रास आहे मला, आणि या घरात कुणाला सांगायची सोय नाही!" दोन दिवस चहा मी केला. उभा राहून!

मग हाडांचे मोठे डॉक्टर. फोटो काढला, पंजाच्या हाडाला केसाएवढी चीर. प्लास्टर. सहा आठवडे बिनपगारी घरी. प्लास्टर काढलं, चीर आहे तिथेच. "जुळेल." पुन्हा सहा आठवडे. "जुळतंय." आठ महिने, तुम्हाला सांगतो, आठ महिने! आठ महिन्यांत माणसं जुळतात, मोडतात, पुन्हा जुळतात, माझं एक हाड जुळेना! शेवटी म्हणाले, हाडं ठिसूळ दिसतायत, ही बळकटीची गोळी घ्या, आठवड्यातून एक, रिकाम्या पोटी. आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणजे गोळीसुद्धा उभ्याचीच!

तोवर माझ्या वहीत रांग लागली होती. एकोणीस, सतरा, अठरा, सतरा. मी वही पुढे केली. "डॉक्टर, हे सारखं कमी येतंय हो."

"अहो, यकृत बिघडलं की हे वाढतं. तुमचं कमी आहे ना? मग चांगलंच की! यकृत म्हणजे सोनं आहे तुमचं!"

मी म्हटलं, "मग यकृतावर उभा राहू का?"

हसले. मनापासून हसले. आणि गोळी चालूच ठेवली. चार महिन्यांनी डाव्या मांडीतही दुखायला लागलं.

आणि एके दिवशी ते रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. वही बघितली... आणि हसल्या नाहीत. तिथेच मी घाबरलो! चार वर्षांत माझ्या आकड्यांवर न हसलेलं पहिलं माणूस! "अहो, यांनी खालची हद्द छापलेलीच नाही," म्हणाल्या. "नुसतं एकशेतीसपर्यंत. हे चाळीसच्या खाली जाता कामा नये." आणि मग विचारतात काय, "दुधाचे दात कधी पडले तुमचे?"

आता मला काय आठवणार? तिथूनच आईला फोन लावला. आई खूश! "दात? दोन वर्षांचा होतास, चार पडले, मुळासकट! मी सगळ्यांना दाखवले, म्हटलं आमचा पोरगा सगळ्यांच्या पुढे! का रे, बक्षीस आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग आणखी तपासण्या. आणि तुम्हाला सांगतो, बी-सिक्स म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते वाढलेलं निघालं आणि त्याच्यापुढे चांदणी! एक, ठळक, काळीभोर! मी रिपोर्ट छातीशी धरून घरी. "अगं, आली! आली चांदणी!" ही म्हणाली, "अहो, पण आजार आहे ना तो?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

जन्मजात निघालं. तो एकोणीसचा आकडा ज्याचा, ते हाड आणि दात पक्के व्हायला लागतं, आणि तेच माझ्यात कमी तयार होतं. जन्मापासून. मी विचारलं, "मग औषध?" "आधी ही आठवड्याची गोळी बंद. ती तुमच्यासाठी नाहीच. मांडीच्या हाडाला धोका आहे तिच्यामुळे." "बरं, दुसरं?" "दिवसभर उभं राहणं बंद." "तिसरं?" "एक इंजेक्शन आहे, परदेशात, अफाट महाग. पण ते तुमच्यापर्यंत कसं आणायचं, मलाही अजून माहीत नाही."

असू दे! दोन तर दोन! मी दाखला घेतला. सही, शिक्का, चांदणी, सगळं घेऊन कारकुनाकडे. बोट फिरलं, चांदणीवर थांबलं. मान हलली! मला वाटलं, मिळाली खुर्ची!

"जन्मजात आहे?"

"हो!" मी अभिमानाने.

"म्हणजे नोकरीला लागलात तेव्हाही होतं."

"होतं की! लपून बसलं होतं नुसतं!"

त्याने कपाटातून माझा भरतीचा फॉर्म काढला. सतरा वर्षांपूर्वीचा. "इथे 'कोणताही आजार' यापुढे तुम्ही काय लिहिलंय?... नाही. सही तुमचीच ना?"

"अहो, पण मला तरी कुठे माहीत होतं? चार वर्षं मी कमी आहे, कमी आहे म्हणून ओरडतोय, तुम्हीच तर म्हणालात—"

"ते मी प्रेमाने म्हणालो. हे कागदावर आहे."

आठवड्याने पत्र आलं. माहिती लपवल्याबद्दल चौकशी. व्यवस्थापकांच्या खोलीत, सकाळी दहा वाजता. ही म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको, तिथे दोघांनी उभं राहून काय करायचं?

गेलो. खुबा, गुडघे, पंजा, सगळे एकदम बोलत होते, वहीत आधी कुणाला मांडायचं ते कळेना. आत साहेब, कारकून, आणखी एक कुणीतरी, पुढ्यात कागद. साहेबांनी वर बघितलं आणि म्हणाले...

"बसा."

मला! सतरा वर्षांत त्या कारखान्यात पहिल्यांदा! आणि खुर्ची कशी म्हणता? मऊ, हात टेकायला दोन्हीकडे दांडे, पाठ अशी आत जाते... खुबा गप्प. गुडघे गप्प. पंजा गप्प. साहेब काहीतरी वाचत होते, "सेवेतून" का काय असं म्हणत होते, बराच वेळ वाचत होते बिचारे. मी म्हटलं, सावकाश वाचा साहेब, मला काही घाई नाही.