स्क्रूवरचा हिरवा ठिपका

नाही काकू, समोर उघडत नाही आम्ही — गिऱ्हाइकासमोर मशीन उघडायचं नाही, हा या दुकानाचा नियम आहे, आणि का म्हणून विचारायचं नाही, हा त्याच्यावरचा नियम. मी विचारलं होतं एकदा. बाबा म्हणाले, ऑपरेशन करताना डॉक्टर नातेवाइकांना आत घेतो का? झालं, विषय संपला. आता मुलुंडमधलं आमचं दोन टेबलांचं दुकान कुठे आणि ऑपरेशन थिएटर कुठे, पण बोलायचं नाही. तो पडदा दिसतोय ना, त्याच्यामागे बाबा आणि बाळाकाका, बाबांचे धाकटे भाऊ. मशीन पडद्याआड गेलं की तुम्ही इथे स्टुलावर बसायचं आणि कॅलेंडरवरचा गणपती बघायचा. आत्ता चहा चाललाय त्यांचा. ऐकू येतंय ना फुर्र, फुर्र? बाळाकाका अजून बशीत ओतून पितात, आणि सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी कोणाला कसा पाडला ते सांगतात. रोज तेच, रोज तोच माणूस पडतो.

काय? — हो, मीच करणार. बाबांना कशाला हाक मारू? काकू, राग मानू नका, पण बाहेर बोर्डावर काय लिहिलंय ते वाचलंत ना? गंधाली कम्प्युटर्स. ती गंधाली मी. माझ्या बारशाच्या वर्षी दुकान काढलं म्हणून माझं नाव. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलंय मी, नुसत्या पावत्या फाडायला बसलेली नाही. पण तुमच्या पिढीला ना, बाप्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की जिवाला बरं वाटतं. असो. द्या इकडे. — अहो, असा छातीशी काय धरून बसलाय लॅपटॉप, तान्हं मूल आहे का! कोण म्हणालं? मुकुल? तुमचा मुलगा? बंगलोरला बसून तो सांगतो, नजरेआड करू नकोस, पार्ट काढून घेतात? वा. म्हणजे आम्ही चोर. — एक मिनिट. तुम्हाला कोणी पाठवलं तर नाही ना? नाही म्हणजे, मागच्या गल्लीत नवीन दुकान निघालंय, ते अशी साधी दिसणारी माणसं पाठवतात म्हणे, भाव काढायला. तो फोन उलटा ठेवा बघू जरा. रेकॉर्डिंग नाही ना चालू? बरं, बरं. विचारलं आपलं. आजकाल कोणाच्या तोंडावर काय लिहिलेलं असतं का?

आणि मुकुलने काय, 'जीबी विचार' सांगितलंय? कुठले जीबी, ते सांगितलं का? नाही ना. हेच. सगळे नुसतं जीबी, जीबी करतात. ऐका, एकदाच सांगते. रॅम म्हणजे तुमचा ओटा. ओटा मोठा तर चार भांडी एकदम मांडता येतात, लहान असला की एक उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. तुमचा ओटा आठचा आहे, पुरे आहे, त्याला हात लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. हार्डडिस्क म्हणजे माळा. सामान भरपूर मावतं, पण काढायचं तर स्टूल लावून चढा, म्हणून तुमचं मशीन सुरू होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आणि एसएसडी म्हणजे हाताशी असलेलं कपाट. तर बाळाकाकांनी तुम्हाला फोनवर काय सांगितलं — की डीव्हीडीचा ड्राइव्ह मेलाय, तो काढून टाकू, त्या जागी एक चौकट येते, कॅडी म्हणतात, तिच्यात तुमची जुनी डिस्क सरकवू आणि डिस्कच्या जागी नवी एसएसडी. बरोबरच आहे की. झकास पळेल मशीन. डीव्हीडी आता कोण लावतं?

— तुम्ही लावता? कसली? एमआरआयची? अच्छा... तुमच्या मिस्टरांच्या पाठीची. हो, स्कॅन सेंटरवाले अजून सीडीच हातात देतात, कमाल आहे त्यांची. आणि ती घरी उघडेना, म्हणून मुकुलला पाठवता येईना, आणि तो तिकडच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इथे ऑपरेशनला हो म्हणू नका म्हणतो. तारीख कधीची मिळालीये? सोमवारची? मग काकू, तुम्हाला पळणारं मशीन नकोय, तुम्हाला ती सीडी वाचणारं मशीन हवंय! हे बाळाकाकांना सांगितलं होतंत? सांगितलं होतं. आणि तरी ते म्हणाले, ड्राइव्ह गेलाय, आता एसएसडीच घाला. न बघता. फोनवर. हं.

ठीक आहे. उघडते. इथेच, तुमच्यासमोर. बाबा बोलतील, बोलू देत. नाहीतरी ड्राइव्ह बाहेर काढून मोजल्याशिवाय कॅडी देता येत नाही, ती जाड येते आणि पातळ येते, पातळ जागेत जाड शिरत नाही. अख्खं मशीन नाही खोलायचं, पाठीमागे एकच स्क्रू असतो ड्राइव्हचा. हे बघा, उलटं केलं. आणि हे स्क्रूवरचे हिरवे ठिपके दिसताहेत? ती माझी नेलपॉलिश आहे. हसू नका! तुमच्या मुकुलसारखे शंभर जण येऊन म्हणतात ना, तुम्ही पार्ट काढला — म्हणून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मशीनच्या प्रत्येक स्क्रूवर मी ठिपका देते. कोणी फिरवला की ठिपका तुटतो. बाबा म्हणाले, हे दुकान आहे की ब्युटीपार्लर? म्हणू देत. दिवाळीआधी तुमचा कीबोर्ड बदलला तो मीच, आणि हे सगळे ठिप...

हा एक नाही.

काकू, खरं सांगा हं, मी रागावणार नाही. मधे दुसरीकडे कुठे दाखवलं होतंत? मुकुलचा कोणी मित्र? शेजारचा कोणी हुशार? अहो, आठवा नीट! कारण बाकी सगळ्या स्क्रूंवर ठिपके आहेत, आणि नेमका ड्राइव्हचा स्क्रू कोरा, स्वच्छ पुसलेला. आपोआप पुसत नाही ते, थिनर लावून पुसावं लागतं. — शपथ कशाला घेताय? बरं, नाही दाखवलं. इथून नेलंत ते थेट घरी. लगेच नेलं होतंत ना? दोन दिवसांनी? हो, आठवलं, मी बहिणीकडे बोरीवलीला गेले होते, तुम्हाला बाळाकाकांनी दिलं. आणि त्यानंतर सीडी फिरलीच नाही. पण माझ्यासमोर फिरली होती काकू! तुमच्या मंडळाच्या मंगळागौरीची लावून बघितली होती मी, पिशवीत होती म्हणून. तुम्ही सूप घेऊन नाचत होतात, निळी नऊवारी. मी पूर्ण बघितली ती.

थांबा. काढतेच बाहेर.

पुढची पट्टी तर तुमचीच आहे, हा कोपऱ्यातला चरा मला आठवतो. पण पट्टी काय, नखाने निघते आणि दुसऱ्याला बसते. आतला डबा... तुमच्या मशीनला या कंपनीचा येत नाही. आणि हे काय आहे? हे पांढरं. अंगठा फिरवून बघा. व्हाइटनर आहे. खरवडलंय, पण खाचेत राहिलंय थोडं — फुलीचं एक टोक. काकू, आमच्याकडे आत बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. जे ड्राइव्ह मेले, त्यांच्यावर व्हाइटनरने फुली मारून त्या डब्यात टाकायचं. फुली मीच मारते.

म्हणजे हा आमच्या डब्यातला आहे.

नाही, तुम्ही काही बोलू नका. मला विचार करू दे. चालू ड्राइव्ह कोणाला लागतो आज? कोणालाच नाही. नाही, लागतो — सहदेव येतो ना दर महिन्याला, एका स्कॅन सेंटरचा, 'सीडी लिहायला चालू राइटर, म्हणजे असेच ड्राइव्ह, आहेत का दोन-चार' म्हणत, आणि बाळाकाका त्याला पडद्याआड नेतात. मी कधी म्हटलं नाही की आमच्याकडे येतात कुठून एवढे चालू. पडद्याआडचं विचारायचं नाही ना! इकडे चांगला काढायचा, मेलेला बसवायचा, मग गिऱ्हाईक आलं की ड्राइव्ह गेलाय हो, आता एसएसडीच घाला. आणि त्याच ड्राइव्हवर तुमच्या मिस्टरांची सीडी — कुठून काढलीत सीडी? स्टेशनजवळच्या? सहदेवच्याच? अरे देवा. जाऊ दे. ते नका विचारू मला.

— काही नाही बाबा! काकू आल्यात, मघापासून. — हो, इथेच उघडलंय. माहितीये नियम. — 'मशीन आत घेऊन ये'? एवढंच? काय झालं, कुठला ड्राइव्ह, कोणी केलं — काहीच विचारलं नाहीत तुम्ही. नुसतं आत घेऊन ये. मला वाटलं होतं एकट्या बाळाकाकांचं काम असेल.

नाही बाळाकाका, हळू नाही बोलणार. घरचं घरात असतं, हे घर नाहीये, हे दुकान आहे आणि त्याच्यावर माझं नाव आहे. पावतीवर माझं नाव आहे. तुमचं कुठे आहे सांगा? लोक येऊन गंधालीने फसवलं म्हणणार, बाबा, नंदकुमारने किंवा बाळाने फसवलं असं नाही म्हणणार. — बाबा, हात मागे घ्या. नाही देणार मी मशीन. नाही आणणार आत, आज नाही आणि उद्याही नाही, कोणाचंच नाही. तुम्ही बाहेर आणा. जो चांगला असेल तो ड्राइव्ह बाहेर आणा, मी इथे या टेबलावर बसवते, यांच्यासमोर, आणि यांची सीडी फिरेपर्यंत आपण तिघंही इथे उभे राहू. नियमच हवाय ना, मग हा घ्या नवीन. का विचारायचं नाही.

बसा काकू, उठताय कशाला? सीडी काढून ठेवा पिशवीतून. तुमचं काम झाल्याशिवाय मीही उठत नाहीये.

ही नेलपॉलिश काढून ठेवली बघा. या स्क्रूवरचा ठिपका आज तुमच्यासमोरच देणार.