दसऱ्याचं नारळपाणी

अरे, आमच्या विक्रोळीच्या लॅबमध्ये गेल्या दसऱ्याला काय झालं, ऐक. नळीत वाळू भरायची आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत चुना साचवून दगड करायचा, असा आमचा प्रयोग. नळीच्या दोन्ही टोकांना तारा जोडून वीज सोडायची; दगड होत गेला की वीज अडते आणि अडथळा मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा चढतो. महिनाभर चढत होता. दसऱ्याला माझ्याबरोबर काम करणाऱ्या पल्लवीने नळीला हार घातला, तिथेच नारळ फोडला, आणि आकडा धाडकन खाली.

मी आमच्या लॅबप्रमुख मॅडमना म्हटलं, "मॅडम, वाट लागली. दगड विरघळला."

मॅडमनी नळीवरून तारांपर्यंत ओघळलेलं नारळपाणी फडक्याने पुसलं. आकडा परत वर.

"वीज बाहेरच्या पाण्यातून गेली, मीटरने एवढंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "दगड विरघळला हे तू सांगितलंस. मग महिनाभर दगड होतोय, हे कोण सांगत होतं?"