पोचन्नाची नाव

आज तुमी मले काडीपैलवान म्हणून हासता, पण पंच्याऐंशी साली मी उठलो का खुर्चीबी संगं उठे. झोपेत तर दम अडके. बायको हलवे, तवा कुठी श्वास चालू होये.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पोट उघडून आतली अन्नाची पिशवी लहान करावी लागेल. नाही केलं तर एक दिवस झोपेतच जाल. केलं तर टाके उसवायची भीती आहे. पुढचे काही महिने पोटात कळ आली, की लगेच दवाखाना गाठायचा."

लगेच कसा गाठणार? पावसाळ्यात आमच्या गावात अन् सिरोंच्याच्या दवाखान्यात नदी आडवी. बायकोनं मले सरळ पोचन्ना नाववाल्यापुढं उभं केलं.

"पोचन्ना, पुरात गुरुजीच्या पोटात दुखलं, तर त्या काठाले नेशील?"

पोचन्नानं मले खालपासून वरपर्यंत पाह्यलं. मंग पुराच्या पाण्याकडं पाह्यलं.

"नेतो ना बाई. पण एकट्यालेच. तुमी बसल्या तर नाव बुडते."

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं.

मंग म्हणाली, "ऑपरेशन करा. पण पूर उतरला का लगेच करा."

"एवढी घाई काऊन?"

"पुढचा पूर येईस्तोवर एवढे बारीक व्हा, का त्या नावेत तुमच्या बाजूले मीबी मावली पाह्यजे."