ग्रीसच्या देवळात घातलेलं गाऱ्हाणं

ग्रीसचं नाव काढलंत म्हणून सांगतो, नाहीतर अण्णांबरोबरचा तो प्रवास मला आठवायचासुद्धा नाही. अण्णा म्हणजे आमचे शेजारी. पालीला त्यांची कलमांची बाग आहे. अथेन्सच्या म्युझियममध्ये ह्या गृहस्थाने एक मूर्ती धड बघितली असेल तर शपथ! ज्याला त्याला धरून एकच रडगाणं, "धाकट्या भावाने बागेचा दगडी गडगा आमच्या हद्दीत सरकवलान!"

पुढे बोटीने एका बेटावर गेलो. तिथे एका पडक्या देवळाचे नुसते खांब उभे होते. अण्णांनी चपला काढल्या, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, भावाला सद्बुद्धी दे, गडगा होता तिथे जाऊ दे रे महाराजा!"

आमच्या सहलीतली निर्लज्ज मंडळी एका सुरात ओरडली, "होय महाराजा!"

पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. अण्णा त्याच्यावरच डाफरले, "थांब रे, अजून संपलं नाही!"

तेव्हा अण्णांच्या चपला त्यांच्यापुढे ठेवत वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "चला आता. ज्या देवाला स्वतःचं छप्पर राखता आलं नाही, तो तुमचा गडगा काय राखणार?"