पियानो म्हणजे शेवटी आवाज

...आणि वर तो विक्रेता मलाच विचारतो, ‘सर, नक्की कशासाठी हवाय?’ आता पियानो माणूस कशासाठी घेतो? कपडे वाळत घालायला? म्हटलं, वाजवायला हवाय बाबा, घरी वाजवायला, आणि असा दाखव की आपण डिजिटल आहोत हे त्याला स्वतःलासुद्धा कळता कामा नये. तुम्हाला सांगतो, पियानो म्हणजे शेवटी आवाज. बाकी सगळं सुतारकाम.

आता हा माझ्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. मी चष्मेवाला. जन्म गेला लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलण्यात... ‘हे बरं का ते? आणि आता? हे का ते?’ आणि काही गिऱ्हाइकं असतात बघा, दहादा काच बदला, ‘दोन्ही सारखंच’ म्हणतात, त्यांचा मला भारी राग. अहो, दोन्ही सारखंच कसं असेल? नीट बघा की जरा!

वाजवते ती बायको. तिच्या आईचा जुना पियानो होता आमच्या बैठकीत, तारांचा, खरा, त्याच्यावर तिनं अर्ध्या गल्लीची पोरं शिकवली, आणि ते सगळं सोसलं कुणी, तर खालच्या मजल्यावरच्या काठीवाल्यांनी. म्हणजे सोसलं ते छताला काठी ठोकत ठोकत सोसलं. इकडे हिनं हात टाकला की खालून ठकठक. पाहुणे दचकायचे, आम्ही चहा ओतत राहायचो.

मग तिला तो झटका आला. सकाळी हातातली कपबशी सुटली आणि डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात... आला, नाही असं नाही, पण उशिरा येतो. उजवा दारात पोचलेला असतो आणि डावा अजून जिन्यातच. व्यायाम घ्यायला यायच्या त्या बाई म्हणाल्या, ‘पियानो वाजवा, यासारखा व्यायाम नाही.’ बसली बिचारी. अडखळत, ठेचकाळत एक तुकडा वाजवला. खालून काठी नाही. दुसऱ्या दिवशी काठीवाले जिन्यात भेटले, अगदी मऊ आवाजात म्हणतात, ‘वहिनी, काल काय छान वाजवलंत हो.’

आता बोला! ज्या माणसानं तिच्या चांगल्यातल्या चांगल्या वाजवण्याला कधी काठीशिवाय दाद दिली नाही, तो म्हणतोय छान. ती वर आली, पियानोचं झाकण लावलं आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले. ते तिथंच राहिले. एक शर्ट काढला की ती दुसरा ठेवायची, ढीग काही हलायचा नाही, आणि मला त्या ढिगाकडे बघवत नसे. घर इतकं गप्प झालं की फ्रिज कधी चालू होतो न् कधी बंद होतो ते मला पाठ झालं.

मग एके दिवशी जेवताना तीच म्हणाली, ‘हा पियानो शाळेला देऊन टाकू. आपण डिजिटल घेऊ.’ का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, जुन्यावरून मन उठलंय, नवा भरदार आवाज कानावर पडला की बसेल पुन्हा. पियानो म्हणजे शेवटी आवाज, नाही का?

झालं, कंबर कसली. शहरातलं एक दुकान सोडलं नाही. एक म्हणतो, ‘सर, यात एका मोठ्या मैफलीच्या पियानोचा एकेक स्वर टिपून भरलाय, पेडल सोडलं की तारांची कुरकुरसुद्धा ऐकू येते.’ म्हटलं, कुरकुर घरची आहे, ती विकत कशाला घेऊ? दुसरा म्हणतो, ‘यात सहा स्पीकर, समोरून, खालून, मागूनसुद्धा.’ मागून कशाला, भिंतीला ऐकवायला? पण डोळे मिटून ऐकला आणि सांगतो, अंगावर काटा आला. आमची बैठक पूर्वी भरायची ना, तशी भरली. मी आपला या दुकानातून त्या दुकानात, हे बरं का ते, हे बरं का ते... लेक फोनवर म्हणाली, ‘बाबा, आईला विचारलंत का?’ म्हटलं, तू गप्प बस, तिला थेट ऐकवणार आहे.

नेलं तिला. विक्रेत्यानं लगबगीनं सहा स्पीकरवाला चालू केला, मी ऐटीत उभा. ही बसली आणि पहिलं काम काय केलं? बंद केला. आणि बंद पियानोवर वाजवायला लागली. ठक्, ठक्, ठकठक. विक्रेता म्हणतो, ‘मॅडम, आवाज...’ ‘आवाज नकोय मला.’ मग दुसरा, तिसरा, सगळे बंद करून. माझी आयुष्यभराची विद्या हीच, म्हणून विचारलं, ‘हे बरं का ते?’ डाव्या करंगळीनं एक पट्टी दाबून म्हणाली, ‘हा. याची पट्टी निसटत नाही, माझ्या बोटासाठी थांबते.’ तो निघाला सहा स्पीकरवालाच. मला वाटलं, चला, एकमत! तेवढ्यात तिनं विक्रेत्याला हळूच विचारलं, ‘हेडफोन लावला की बाहेर अजिबात जात नाही ना ऐकू? खालीसुद्धा?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नक्की कशासाठी हवाय, ते तो शहाणा पहिल्याच दिवशी विचारत होता हो.

आता घरी चित्र असं. ती हेडफोन लावून, डोळे मिटून वाजवते, मैफल तिच्या कानात. मी समोरच्या खुर्चीत, सहा स्पीकर माझ्याकडे तोंड करून, आणि मला काय ऐकू येतं? ठक्, ठकठक... ठक्. सुतारकाम! पण बसून बसून कळायला लागलं, हा उजवा, आणि हा मागून येतोय तो डावा. परवा तर जिन्यातून बराच वर आला होता. ती मधेच थांबून विचारते, ‘अहो, बाहेर काही ऐकू येतं का?’ मी म्हणतो, छे, काही नाही.

आणि काल भर दुपारी ती रंगात आलेली, डावा हात चांगला जोर करून आपटत होता, तो दणका जमिनीतून गेला खाली आणि खालून... काठी! ठकठक, ठकठक, पहिल्यासारखी, चिडून. मी खुर्चीतून अर्धा उठलो. तिच्या पेडलवरच्या पायाला कळलं असावं. हेडफोन काढला. ‘काठी होती ना?’ म्हटलं, हो. इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावला, आणि दुप्पट जोरानं वाजवायला बसली.

पियानो म्हणजे शेवटी आवाज म्हणे! एवढा उंची पियानो घरात, आणि माझ्या वाट्याला वरून ठकठक न् खालून ठकठक. कुणी विचारलं, हे बरं का ते, तर काय सांगू... दोन्ही सारखंच.