खाली अरबी अक्षरं

रियाध मेट्रोच्या फॅमिली डब्यात ड्यूटीवरून परतणाऱ्या सिस्टर विभाच्या कानावर अचानक मराठी पडलं. समोर चाळिशीतलं एक जोडपं सिनेमा पाहून घरी निघालं होतं.

"स्पॅनिश सिनेमा आणि खाली अरबी अक्षरं! तिकिटं काढताना बघायचं ना, पद्मिनी?"

"मला सगळं कळलं. गरीब वस्तीतली तीन मुलं. त्यातला उंच मुलगा घर सोडून जातो."

"अगं, तो पाव आणायला जातो. परत आला की!"

"तो दुसरा. केस सारखेच होते."

"मग मेलं कोण?"

"कोणी मेलं का?"

"मी रडलो ना!"

"मीपण रडले. ती आई दाराबाहेरून किती विनवत होती, आणि तो आतून ढिम्म."

"आई कुठली? घरमालकीण होती ती."

"घरमालकीण अशी विनवते?"

"बरं, उद्या आपल्या उन्मेषला घेऊन परत पाहू. त्याला शाळेत अरबी आहे, समजावून सांगेल."

"विचारा मग त्याला."

"तूच विचार. माझ्याशी तो मार्चपासून बोललेला नाही."

"माझ्याशी बोलतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

विभाचं स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. ती बसूनच राहिली.