बिशप स्टॉडर्ड यांच्या बंद दाराविषयी

आदरणीय अध्यक्ष बिंगहॅम, सत्कारमूर्ती, आपल्या मंडळीचे मावळते बिशप स्टॉडर्ड, त्यांच्या पत्नी, आपण सगळे सिस्टर म्हणतो त्या लारीन, आणि चीज-बटाटे निवायच्या आत भाषणं संपोत अशी मनोमन प्रार्थना करणाऱ्या बंधुभगिनींनो,

सिस्टर लारीन मला म्हणाल्या, "मेरिली, तरुणांच्या वतीनं दोन गोड शब्द बोल हं." गोड मला जमत नाही. खरं बोलते.

बिशपांनी इथली तरुण पिढी घडवली, असं माझ्या आधीचे वक्ते सांगून गेले. अगदी खरं! मलाच बघा ना. परवा बॉइसीच्या ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "चुकलं माझं." बिचारे पगारवाढ सांगणार होते! हसा, हसा. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे वळण कुठं लागलं? चर्चच्या या हॉलच्या भिंतीपलीकडे, बिशपांच्या खोलीत. मी सतरा वर्षांची होते. नाचाच्या कार्यक्रमानंतर एका मुलानं आणि मी एकमेकांचं चुंबन घेतलं. मनाला खात होतं, म्हणून आपणहून सांगायला गेले. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय. दार बंद झालं. "अजून काय?" बिशपांनी विचारलं. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी विचारतच राहिले, "अजून काय?" शेवटी म्हणाले, "पोरी, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. मी हो म्हणेपर्यंत रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांना वाटतात तो पवित्र पाव घ्यायचा नाही."

रविवारी पावाचं ताट रांगेतून आलं. मी ते तसंच आईकडे सरकवलं. "अगं, घे ना!" आई कुजबुजली. मग तिच्या लक्षात आलं. मागच्या बाकाच्याही आलं. "काय करून बसलीस गं?" आईनं विचारलं.

आणि पुढे टेबलाशी गुडघे टेकून त्या पावावर आशीर्वाद कोण म्हणत होतं? तोच मुलगा. बिशपांचा धाकटा, टेलन. त्याचं नाव मी खोलीत घेतलं होतं. बिशपांनी ऐकलं होतं. होय ना, बिशप? राहू द्या, आज तुमचा सत्कार आहे. आज प्रश्न विचारायची पाळी माझी आहे, एवढंच.

माझी बहीण जूनी पुढच्या महिन्यात बारा वर्षांची होतेय. या वयात बिशप प्रत्येक मुलाला एकट्यानं आत बोलावून काय चुकलं ते विचारतात, त्या मुलाखतीचं तिला बोलावणं आलंय. बिशप बदलले, पण खोली तीच आणि दार तेच. म्हणून सगळ्यांदेखत सांगते, जूनी एकटी आत जाणार नाही. आई, खाली बघू नकोस गं. मला हॉलभर लोकांनी पाहिलं, तेव्हाही तू खालीच बघत होतीस. तिच्याबरोबर कोण जाईल?

काय म्हणालीस, आई? जरा मोठ्यानं.

"मी जाईन."

ऐकलंत? लक्षात ठेवा.

जूनी, ये इकडे, हात दे. आता अध्यक्ष म्हणतील, बिशपांचे आभार मानायला उजवा हात वर करा. माझा येणार नाही. तो हिनं धरलाय.

शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. माफी मागते ती इथंच मागते, दार सताड उघडं ठेवून.